जबलपूरच्या वाटेवरचा पोलादी हत्ती

जबलपूरचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम आठवतो तो भेडाघाट. संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून संथ वाहणारी नर्मदा, धुवांधारचा तुषारांनी भरलेला कोसळ आणि टेकडीवरचा मदनमहाल, एवढे पाहून प्रवासी परत फिरतो. इतिहासाची आवड असलेला एखादा मनुष्य आणखी एक गोष्ट सांगतो. १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि पुढे १९५६ पर्यंत मध्यप्रांताच्या कारभारात नागपूर आणि जबलपूर ह्यांचे भाग्य एकत्र बांधलेले होते. येथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली त्याचे मूळ ह्या इतिहासात आहे. परंतु ह्या शहराची एक ओळख अशी आहे की ती येथल्या रहिवाशांनाही फारशी ठाऊक नसते. जागतिक विज्ञानकथेच्या नकाशावर जबलपूरला एक जागा आहे, आणि ती ज्याने दिली त्या लेखकाने हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते.

तो लेखक म्हणजे ज्यूल व्हर्न. हे नाव ऐकताच कोणी म्हणेल की ह्यात नवे ते काय? चंद्रावर जाणारा तोफगोळा, समुद्राच्या तळाशी फिरणारी नौका, ऐंशी दिवसांत पृथ्वीची प्रदक्षिणा, ह्या गोष्टी शाळकरी मुलांनाही माहीत असतात. नेमकी येथेच अडचण आहे. व्हर्न हा इतका ओळखीचा लेखक आहे की त्याला वाचण्याची गरज कोणालाच वाटत नाही. लहानपणी त्याचे संक्षिप्त पुस्तक हाती येते, मोठेपणी त्यावरचा चित्रपट पाहिला जातो, आणि हिशेब पुरा झाला असे समजून आपण त्याला मुलांच्या कपाटात ठेवून देतो. एखाद्या लेखकाची उपेक्षा दोन प्रकारांनी होते. कोणी न वाचल्यामुळे होते हे उघडच आहे. पण सर्वांनी अर्धवट वाचल्यामुळे होणारी उपेक्षा अधिक चिवट असते. व्हर्नच्या वाट्याला ही दुसरी आली.

व्हर्नचा जन्म फ्रान्समधील नांत ह्या बंदराच्या गावी ८ फेब्रुवारी १८२८ रोजी झाला. योगायोग असा की त्याच वर्षी स्लीमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूरजवळच्या टेकडीत प्रचंड आकाराची अश्मीभूत हाडे सापडली. १८७७ मध्ये लायडेकर ह्या शास्त्रज्ञाने त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. हिंदुस्थानातील महासरटांच्या शोधाची सुरुवात ती हीच. पृथ्वीच्या पोटात नष्ट जगांचे अवशेष दडलेले आहेत ही कल्पना त्या काळी सर्व सुशिक्षित मनांना झपाटून राहिली होती. आणि १८६४ साली व्हर्नने पाताळाच्या सफरीची कादंबरी लिहिली तेव्हा ह्याच कुतूहलाला त्याने कथारूप दिले.

वकील बापाने मुलाला कायदा शिकण्यासाठी पॅरिसला धाडले. मुलाचे मन नाटकांत रमले, आणि पोटासाठी त्याने पुढे शेअर बाजारात काम धरले. १८६२ मध्ये एट्झेल ह्या प्रकाशकाशी त्याची गाठ पडली आणि पुढल्याच वर्षी बलूनमधून आफ्रिका ओलांडणाऱ्या प्रवाशांची त्याची कादंबरी निघाली. तेथून ‘असामान्य प्रवास’ ह्या मालेला प्रारंभ झाला. भूगोल, खगोल, भूगर्भशास्त्र, यंत्रशास्त्र ह्या विषयांचे तत्कालीन ज्ञान कथेच्या ओघात वाचकांपर्यंत पोचवावे असा त्या मालेचा संकल्प होता. व्हर्नजवळ प्रयोगशाळा नव्हती. होती ती वर्तमानपत्रे, शास्त्रीय नियतकालिके, प्रवासवर्णने आणि नकाशे ह्यांतून काढलेल्या टिपणांची रास. त्याची कल्पकता आकाशातून पडत नसे. हाती असलेल्या वस्तुस्थितीला ती फक्त एक पाऊल पुढे नेत असे.

जबलपूरचा आणि ह्या कल्पकतेचा पहिला संबंध येतो तो रेल्वेमुळे. अलाहाबादहून निघालेला ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ साली जबलपूरला पोचला. मुंबईहून भुसावळ, खांडवा, इटारसी ह्या मार्गाने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पुढे सरकत होती. मार्च १८७० मध्ये ह्या दोन वाटा जबलपूर येथे जुळल्या आणि मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत लोहमार्ग अखंड झाला. सुवेझचा कालवा चारच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता, आणि अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी रेल्वेही १८६९ सालचीच. ह्या तीन घटनांची बेरीज केली म्हणजे पृथ्वीची प्रदक्षिणा किती दिवसांत होईल हा प्रश्न आपोआपच उभा राहतो. व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ ह्या कादंबरीचा पाया हाच आहे. १८७२ च्या अखेरीस ती पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः आली आणि पुढील वर्षारंभी पुस्तकरूपाने निघाली.

गंमत अशी की कादंबरीत हा लोहमार्ग अखंड नाहीच. फिलिअस फॉगची गाडी ‘खोल्बी’ नावाच्या एका कल्पित खेड्यापाशी थांबते आणि गार्ड सांगतो की पुढे पन्नास मैल रूळ टाकलेले नाहीत. मग फॉग २,००० पौंड मोजून एक हत्ती विकत घेतो आणि बुंदेलखंडाच्या अरण्यातून अलाहाबादकडे निघतो. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वीच जोडला गेलेला मार्ग लेखकाने पुन्हा तोडला; कारण हिशेबाने चाललेल्या प्रवासात एक अडथळा यावा आणि वाफेच्या जोडीला हत्तीची पाठही लागावी ही कथेची गरज होती. तेव्हापासून हत्ती आणि वाफ ही जोडी त्याच्या मनात घर करून राहिली असावी. १८८० साली त्याने ह्या दोहोंना एकाच देहात आणले.

त्या वर्षी निघालेल्या कादंबरीचे नाव ‘वाफेचे घर’. कथेचा काळ १८६७, म्हणजे सत्तावन्नच्या उठावानंतर दहा वर्षांचा. सुरुवात होते ती औरंगाबादेत. मुंबई इलाख्यात वावरत असलेल्या धोंडोपंत नानासाहेबास जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास २,००० पौंडांचे बक्षीस मिळेल, अशी जाहीर सूचना भिंतींवर लागली आहे. फॉगने हत्तीसाठी मोजलेली रक्कम आणि पेशव्यांच्या दत्तकपुत्राच्या मस्तकाची किंमत लेखकाने एकच धरावी, हा योगायोग मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणारा नाही. नानासाहेब वेरूळ-अजिंठ्याच्या परिसरातून निसटतात आणि नर्मदेच्या खोऱ्यात आश्रय घेतात. इकडे कलकत्त्याहून कर्नल मन्‌रो, बँक्स नावाचा इंजिनियर, वाघांची मोजदाद करणारा कॅप्टन हूड आणि कथा सांगणारा एक फ्रेंच गृहस्थ अशी मंडळी एका विलक्षण वाहनातून निघतात. भूतानच्या राजासाठी बांधलेला, पण त्याच्या मृत्यूमुळे पडून राहिलेला हा पोलादी हत्ती आहे. पोटात बाष्पक, सोंडेतून धूर, डोळ्यांच्या जागी दिवे, पायांखाली चाके. आणि मागे ओढली जाणारी दोन चाकांवरची घरे, बंगल्याच्या सर्व सोयींनी युक्त.

ही निव्वळ लहर होती असे मानण्याचे कारण नाही. सडकेवरून चालणारी वाफेची इंजिने त्या काळी विलायतेत तयार होत होती. टॉमसन ह्या स्कॉच इंजिनियरने त्यांच्या चाकांना रबराच्या जाड धावा बसविल्या होत्या, आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत क्रॉम्प्टन ह्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने तशी इंजिने हिंदुस्थान सरकारसाठी आणवून पंजाबातील मोठ्या सडकेवर चालवून पाहिली. त्यांतील दोहोंची नावे होती ‘चिनाब’ आणि ‘रावी’. व्हर्नने भर घातली ती हत्तीच्या कातड्याची. पण त्या कातड्यातच कादंबरीचा खरा अर्थ आहे. देशी प्राण्याचे रूप घेतलेले विलायती यंत्र खेड्यांतून जाते तेव्हा भोवती जमलेले लोक ते पाहून थक्क होतात. आत बसलेली साहेबमंडळी मात्र आपल्या दिवाणखान्यातच असतात. परकी सत्तेचे इतके नेमके चित्र त्या काळच्या युरोपीय कथावाङ्मयात क्वचितच आढळेल.

हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाऊन हा हत्ती दक्षिणेकडे वळतो आणि बुंदेलखंड ओलांडून जबलपूरच्या दिशेने येऊ लागतो. येथे घटनांचा वेग वाढतो. अरण्यातील हत्तींचा कळप यंत्रावर तुटून पडतो. तळ्यातून मार्ग काढताना फितुरी होते आणि मन्‌रो नानासाहेबांच्या हाती सापडतो. उठावातील कैद्यांना इंग्रजांनी जी शिक्षा दिली तीच, म्हणजे तोफेच्या तोंडी देण्याची, आता त्याच्या वाट्याला येणार असते. ह्यातून त्याची सुटका होते. नानासाहेबच पकडले जातात आणि त्यांना पोलादी हत्तीला बांधण्यात येते. पाठलाग करणाऱ्यांवर यंत्र सोडून मंडळी बाजूला होतात. दाब अनावर होऊन बाष्पक फुटतो आणि जबलपूरच्या वाटेवर हत्ती आणि त्यावरील बंदी ह्यांचा एकदमच शेवट होतो.

मराठी मनाला हा शेवट बोचणारा आहे. नानासाहेबांना येथे सूडाने पेटलेला खलपुरुष केलेले आहे. झांशीच्या राणीचा वध ह्याच मन्‌रोच्या हातून झाला असा कल्पित धागा जोडून वैराला कारण पुरविले आहे. प्रत्यक्षातील नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. सातपुड्यात ते कधी आले नाहीत. पण ह्याच पुस्तकात उठावाची हकीकत सांगणारे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कानपूरच्या हत्येबरोबर इंग्रजांनी उगविलेल्या सूडाचा हिशेबही मांडला आहे, आणि तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसांचा विसर लेखकाने पडू दिलेला नाही. जबलपूरच्या श्रोत्यांना तर ह्यासाठी कादंबरीची गरजच नाही. १८ सप्टेंबर १८५७ रोजी गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील वृद्ध शंकरशहा आणि त्यांचा पुत्र रघुनाथशहा ह्यांना ह्याच शहरात तोफेच्या तोंडी देण्यात आले, आणि त्याच रात्री येथली बावन्नावी पलटण बिथरून निघून गेली. कर्नल मन्‌रो कादंबरीत वाचतो. शंकरशहा इतिहासात वाचले नाहीत. जबलपूरच्या मातीत ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे कथेचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही एकदम ध्यानात येतात.

तथापि व्हर्नचा हिंदुस्थान एवढ्यावर संपत नाही. त्याच्या सर्वांत गाजलेल्या पात्राचे, कॅप्टन नीमोचे, घर ह्याच टापूत आहे. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ह्या १८७० च्या कादंबरीत नीमो कोण, कुठला, ह्याचा पत्ता लागत नाही. व्हर्नच्या मनात आरंभी तो रशियाच्या जुलमाने कुटुंब गमावलेला पोलिश सरदार होता. रशियात पुस्तकांचा खप होतो, तो बुडेल, ह्या धास्तीने प्रकाशकाने हरकत घेतली आणि नायक बेनाव राहिला. तरीही एक खूण कथेत आहे. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्याला नीमो शार्क माशाच्या तोंडातून सोडवितो, त्याच्या हाती मोत्यांची थैली ठेवतो आणि म्हणतो की पिळलेल्या देशातला हा माणूस आणि आपण एकाच पंक्तीचे. पुढे १८७५ साली पूर्ण झालेल्या ‘गूढ बेट’ ह्या कादंबरीत रहस्य उलगडते. नीमो म्हणजे बुंदेलखंडच्या एका राजाचा पुत्र, राजकुमार डक्कर. दहाव्या वर्षी तो युरोपात शिकावयास गेला. शास्त्रे, कला, भाषा ह्यांत पारंगत होऊन परतला. सत्तावन्नच्या युद्धात आघाडीवर लढला. त्यात त्याचे कुटुंब मारले गेले. तेव्हा त्याने जमिनीकडे कायमची पाठ फिरविली आणि पॅसिफिक महासागरातील एका निर्जन बेटावर ‘नॉटिलस’ बांधली. व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा पुतण्या केले आहे. टिपू १७९९ मध्ये पडला हे पाहता तो हिशेब जुळत नाही. पण त्या काळातला सर्वश्रेष्ठ यंत्रविशारद म्हणून एका फ्रेंच लेखकाने हिंदी माणूस कल्पावा, ही गोष्ट त्या चुकीहून कितीतरी मोठी आहे.

मग हा नीमो आमच्या वाचकाला का भेटला नाही? ह्याचे उत्तर भाषांतरांत आहे. हिंदुस्थानातील वाचकांपर्यंत व्हर्न पोचला तो बहुतांशी इंग्रजीच्या दारातून, आणि त्या दारावर चाळणी बसविलेली होती. मर्सिअर नावाच्या पाद्र्याने केलेल्या समुद्रकथेच्या इंग्रजी भाषांतरात मूळ मजकुराचा सुमारे पाचवा हिस्सा गळाला होता. आकडेमोड, शास्त्रीय चर्चा, राजकीय उल्लेख हे सारे कंटाळवाणे किंवा गैरसोयीचे म्हणून कापले गेले. जे राहिले त्यातही चुका होत्या. अमेरिकेतील नेब्रास्काच्या ‘बॅडलँड्स’ ह्या ओसाड मुलुखाचे ‘नेब्रास्काचा अप्रिय प्रदेश’ असे विनोदी रूपांतर झाले. ‘गूढ बेट’ची कथा तर अधिक गंभीर आहे. किंग्स्टन ह्यांच्या नावावर १८७५ मध्ये निघालेल्या इंग्रजी आवृत्तीत डक्करच्या चरित्राचा भागच बदलण्यात आला. व्हर्नने ज्याला स्वातंत्र्याचा लढा म्हणून रंगविले, तेथे महत्त्वाकांक्षी राजांनी भोळ्या प्रजेला चिथावले असे वाक्य आले, आणि इंग्रजी राज्याने देशाला अराजकातून वर काढले अशी पुस्तीही जोडली गेली. ‘वाफेचे घर’ इंग्रजीत दोन भागांत निघाले तेव्हा त्यांची नावे ठेवण्यात आली ‘कानपूरचा राक्षस’ आणि ‘वाघ आणि फितूर’. मूळ शीर्षकातले कुतूहल जाऊन तेथे द्वेष आला तो असा.

ह्याचा परिणाम दुहेरी झाला. विज्ञान कापले गेल्यामुळे इंग्रजी वाचक व्हर्नला उथळ समजू लागले, आणि राजकारण कापले गेल्यामुळे हिंदी वाचकांना त्याच्यातले आपले माणूस ओळखता आले नाही. १९२६ च्या एप्रिलमध्ये गर्न्सबॅक ह्यांनी अमेरिकेत केवळ विज्ञानकथांना वाहिलेले पहिले मासिक काढले, तेव्हा पहिल्या अंकात व्हर्नची धूमकेतूवरच्या प्रवासाची कादंबरी सुरू केली, आणि आम्यां येथील त्याच्या समाधीचे चित्र मासिकाची मुद्रा म्हणून वापरले. ज्याला विज्ञानकथेचे सुवर्णयुग म्हणतात, ते १९३८ नंतरचे दशक ह्याच पायावर उभे राहिले. तरीही मूळ व्हर्नला इंग्रजीत न्याय मिळू लागला तो १९६० नंतर, जेव्हा जाणकारांनी जुनी भाषांतरे मुळाशी ताडून पाहिली. ‘गूढ बेट’चे पूर्ण व विश्वासू इंग्रजी भाषांतर निघण्यास २००१ साल उजाडले. एवढेच नव्हे, तर ‘विसाव्या शतकातील पॅरिस’ नावाची त्याची एक संपूर्ण कादंबरी, जी एट्झेलने भविष्य फार काळोखे म्हणून नाकारली होती, ती १९८९ मध्ये हस्तलिखित रूपात सापडली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. १८६३ च्या सुमारास लिहिलेल्या त्या पुस्तकात यंत्रांनी समृद्ध झालेले, पण कवीला भाकरी न देणारे शहर रंगविले आहे. यंत्रांचा भाट म्हणून ज्याची ओळख करून दिली गेली, त्याच्या मनात यंत्रयुगाविषयीची शंका प्रारंभापासूनच होती.

मराठीपुरते पाहिले तर व्हर्नचे स्वागत लवकर झाले. कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच त्याच्या चंद्रप्रवासाची कथा मराठीत आली. कोचीनहून चालविलेल्या मासिकाने मराठी वाचकाला चंद्राची वाट दाखवावी, हाही एक असामान्य प्रवासच म्हणावयाचा. पण व्हर्नला मराठीत खऱ्या अर्थाने घरचा केला तो भा. रा. भागवत ह्यांनी. १९१० ते २००१ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या आणि १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढणाऱ्या भागवतांना लोक ओळखतात ते ‘फास्टर फेणे’चे जनक म्हणून. त्यांच्या व्हर्न-अनुवादांचे मोल मात्र पुरतेपणी जोखले गेलेले नाही. अमेरिकेतील त्या पहिल्या मासिकाने जी कादंबरी निवडली होती, तिलाच त्यांनी मराठीत ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ असे नाव दिले. धूमकेतू हा पंचांगातला शब्द सोडून त्यांनी आजीच्या तोंडचा शब्द घेतला, आणि पत्रावर गावाचे नाव लिहावे तसा त्याच्यामागे ‘मुक्काम’ जोडला. परके शास्त्र परके न वाटू देण्याची किमया ह्या दोन शब्दांत आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला नवे वळण दिले. पण ती कथा वाचण्यास जो वाचक सिद्ध होता, त्याच्या बालपणीची मशागत भागवतांसारख्यांनी केलेली होती.

‘मुलांचे लेखक’ ही पदवी व्हर्नच्या आणि भागवतांच्या, दोघांच्याही वाट्याला आली. ती गौरवाची आहे. परंतु तिच्या आडून मोठ्यांनी आपली सुटका करून घेऊ नये. मुलासाठी साहस पुरेसे असते. बुंदेलखंडच्या राजपुत्राने आपले सर्व ज्ञान समुद्राच्या तळाशी का नेले, विद्या आणि स्वातंत्र्य ह्यांची फारकत झाली म्हणजे माणसाचे काय होते, आणि देशी हत्तीचे रूप धारण केलेले यंत्र शेवटी कोणाच्या आज्ञेत चालते, हे प्रश्न प्रौढांचे आहेत. ज्या देशाने पुढे स्वतःची धरणे, प्रयोगशाळा आणि अग्निबाण उभारले, त्या देशाच्या वाचकाला तर ते अधिकच जवळचे वाटावेत.

आज मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी गाडी इटारसी सोडून जबलपूरकडे धावू लागते तेव्हा उजवीडावीकडे सातपुडा आणि विंध्य ह्यांच्या रांगा दिसत राहतात. मधे नर्मदेचे खोरे आहे, उत्तरेला बुंदेलखंड आहे. नीमोच्या कल्पित राज्याची सीमा येथून दूर नाही; पोलादी हत्तीचा शेवट झाला तो रस्ताही हाच. नांतमध्ये जन्मलेल्या आणि १९०५ मध्ये आम्यां येथे निवर्तलेल्या एका टिपणकाराने नकाशावर बोट ठेवून हा प्रदेश निवडला आणि जगभरच्या वाचकांना तो दाखविला. त्याच्या चित्रातली चुकीची रेघ पुसण्याचा अधिकार येथल्या वाचकाला अवश्य आहे; मात्र त्यासाठी ते चित्र आधी पुरते पाहिलेले असले पाहिजे. व्हर्नचे ग्रंथ आता न कापलेल्या स्वरूपात मिळतात. मुलांच्या कपाटातून ते उतरवून पुन्हा उघडण्यास प्रौढ वाचकाने संकोच करण्याचे कारण नाही.